चष्मा आणला होता, साहेब

दोन हजार बावीस साल. मला एकोणसत्तरावं चालू होतं, आणि माझी पोरगी उज्ज्वला एका सरकारी ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्यात, फरशीवर पडली होती.

कुणी पाडली नव्हती. मीच ठेवली होती. लिफ्ट बंद. दारावर कागद चिकटवलेला. बाहेर दिव्यांगांच्या ऑफिसचा निळा बोर्ड. नाव दिव्यांग ठेवलं आणि पायऱ्या ठेवल्या सदतीस. मी मोजल्यात. मी आणि रफिक रिक्षावाला, दोघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. मधल्या वळणावर खुर्चीचा पाय मोडला. पुढच्या अठरा पायऱ्या ती माझ्या पाठीवर. वर पोचलो तेव्हा माझ्या डोळ्यापुढं अंधारी. बाकडं भरलेलं. कुणी उठलं नाही. मग चादर पसरली आणि तिला खाली ठेवली.

उजू तेव्हा छत्तीस वर्षांची. जन्मापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत. बोलता येत नाही. पण समजतं सगळं. कोण मायेनं बोलतंय, कोण तोंड फिरवतंय, सगळं. हसते तेव्हा मान मागं टाकून हसते. त्या दिवशी हसत नव्हती.

ऑफिसनं निरोप दिला होता, लाभार्थी समक्ष आणा. मी आणला लाभार्थी. अकरापासून दीडपर्यंत लाभार्थी फरशीवर. शेवटी तिला लघवी झाली, कापडात मावली नाही. फरशीवर ओघळ गेला.

त्याच वेळी साहेब जेवायला बाहेर निघाले. ओघळ पाहिला. दोन बोटांनी पँट वर उचलली आणि माझ्या पोरीला ओलांडून गेले. पलीकडं जाऊन वळले.

"आजोबा, पुसून घ्या आधी. लोकांची ये-जा आहे."

पुसायला काही नव्हतं. चादर तिच्या अंगाखाली. मी अंगातला शर्ट काढला. पांढरा, विहारात जायचा, इस्त्रीचा. त्यानं फरशी पुसली. साहेब जेवून आले तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर बनियनवर उभा होतो.

त्यांनी पत्ता वाचला. वस्तीचं नाव वाचलं. मग माझ्याकडं पाहिलं.

"पोटची पोरगी आहे ना? मग सांभाळा की. आम्ही काय पोरी ठेवून घ्यायचं दुकान उघडलंय? तुमच्या लोकांना सगळं सरकारनंच द्यायचं का?"

माणूस बनियनवर असला की आवाज बसतो. हे सांगायला मला लाज वाटते, पण खरं ते लिहायचं ठरवलंय.

कारकुनानं एक कागद पुढं सरकवला. "ही हजेरीची सही. वाचून करा बरं का, नंतर म्हणाल सांगितलं नाही."

मी पँटच्या खिशातून डबी काढली. चष्मा घातला. कागदावरून डोळे फिरवले, डावीकडून उजवीकडं, ओळीमागून ओळ, जेवढा वेळ वाचणाऱ्याला लागतो तेवढा वेळ. मान हलवली. आणि पूर्ण नावाची सही केली, शेवटच्या अक्षराला शेपटी काढून.

मला वाचता येत नव्हतं.

त्या कागदावर काय होतं ते मला त्या दिवशी कळलं नाही. कळलं तेव्हा दोन वर्षं गेली होती.

आता हे चष्म्याचं सांगतो.

मी तिसरीतून शाळा सोडली. बापानं मारून पाठवलं, तरी मी पळून विटांच्या भट्टीवर जायचो. सही तेवढी शिकलो, ती पण उशिरा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडं, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर लागलो तेव्हा एका फिटरनं ती माझ्याकडून गिरवून घेतली. पगाराच्या रांगेत बाकीचे अंगठा द्यायचे, मी सही करायचो. त्या सहीवर मी चाळीस वर्षं जगलो.

आमची बौद्ध वस्ती. आमच्यात न शिकलेला असणं ही साधी गोष्ट नाही. ज्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर रोज हात जोडतो त्यांच्या हातात पुस्तक आहे. विहाराच्या समितीत मी वीस वर्षं. पुढच्या रांगेत बसणारा. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात, आज याची पाळी, उद्या त्याची. माझी पाळी आली की मी खिसे चाचपायचो. "च्यायला, चष्मा इसरलो. तू वाच रे." चहाच्या टपरीवर पेपर उघडून बसायचो, फोटो पाहायचो. लोक म्हणायचे, दादा वाचनाला पक्के. मी मान हलवायचो.

नंबरचा चष्मा आहे माझा. खरा आहे. खोटं तेवढं त्याच्या मागं होतं.

आता पट्ट्याचं. कोळशाच्या पट्ट्यावर एक नियम होता, आणि तो मला कुणी वाचून दाखवावा लागला नाही. पाळी संपली म्हणून पट्टा सोडायचा नाही. पुढच्या पाळीचा माणूस, आमच्या भाषेत रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिला पाहिजे. त्यानं बघायचं, तू सांगायचं, कुठला रोलर गरम होतोय, कुठं कोळसा सांडतोय. मग जायचं. रिलीव्हर नाही आला तर तू तिथंच. आठ तास, सोळा तास. एकदा मी चोवीस तास उभा होतो. तक्रार केली नाही. पट्टा उघडा टाकून जाणाऱ्याला आमच्यात माणसात धरत नसत.

पण घरी काय होतं? घरी माझी बायको, सिंधू. तिनं उजूला तेहतीस वर्षं उचललं. न्हाणीत, संडासात, अंथरुणावर. मी पाळी करून आलो की म्हणायचो, लय थकलो, आणि आडवा व्हायचो. तिला रिलीव्हर कधी आला नाही. हे मला ती मेल्यावर कळलं, पहिल्या सकाळी, उजूला एकट्यानं उचलताना. माझी पाळी आठ तासांची होती. तिची संपलीच नाही. मी तिच्या फोटोसमोर उभं राहून माफी मागितली.

दोन वर्षं मी ओढली. मग एकदा न्हाणीत पाय सरकला आणि उजू हातातून सुटली. कपाळ फुटलं. सात टाके. दवाखान्यात ती माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. बघत होती, मला कुठं लागलंय का ते.

त्या आठवड्यात मी अर्ज केला. अशा लोकांना कायमचं सांभाळणारं निवासी केंद्र असतं, सरकार तिथं जागा देतं, असं दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं होतं. पोरीला टाकायला नाही गेलो मी. माझ्यामागं तिला कोण उचलणार, हे माझ्या डोळ्यांदेखत ठरावं, म्हणून गेलो. रिलीव्हर मागायला.

हजेरीची सही करून आलो त्यानंतर दर महिन्याला मी त्या ऑफिसात. नाशिकरोडहून बस, द्वारका चौकात उतरून दुसरी बस. सदतीस पायऱ्या. खिडकीवर एकच उत्तर.

"नाव यादीत आहे, आजोबा. जागा रिकामी झाली की कळवू."

"कधी होईल रिकामी?"

"कुणी गेलं की."

कुणी गेलं की. म्हणजे कुणाचं तरी आईबापाविना लेकरू मरेल तेव्हा माझ्या लेकराला कॉट मिळेल. मी घरी येऊन जेवलो नाही.

दोन हजार चोवीसला विहारात कायद्याचं शिबिर झालं. एक वकीलबाई आल्या. तिशीच्या. गरिबांना सरकार फुकट वकील देतं, त्यातल्या. मी सगळ्यांच्या शेवटी उठलो.

"ताई, माझी पाळी संपत आली. रिलीव्हर येत नाय. काय करायचं?"

त्यांना समजेना. मग मी सगळं सांगितलं, पट्ट्यापासून. त्या लिहीत गेल्या. मग पेन ठेवलं.

"बाबा, तुम्ही भीक मागायला गेलात का तिथं?"

"नाय."

"मग तसे का उभे राहता? हे कायद्यानं तिचं आहे. साहेबाच्या घरचं नाही. हायकोर्टात जाऊ."

अर्ज तयार झाला. त्यांनी इंग्रजीतला मराठीत करून माझ्या हातात दिला, वाचा म्हणाल्या. मी खिसे चाचपले. "चष्मा इसरलो, ताई. तुम्हीच वाचा." त्यांनी वाचला. सही केली, शेपटीसकट.

मुंबईच्या कोर्टात पहिली तारीख. उजूजवळ आमच्या शेजारीण शेवंताबाईंना बसवलं आणि ताईंबरोबर पहाटेच्या गाडीनं गेलो. तिथं सगळं इंग्रजीत. न्यायाधीशबाई उंचावर. मला एवढंच दिसत होतं की आमच्या ताई बोलतायत आणि बाई ऐकतायत, आणि मला बरं वाटत होतं. मग ऑफिसचे वकील उभे राहिले. त्यांनी एक कागद वर धरला. ताईंचा चेहरा उतरला. त्या मागं वळून माझ्यापाशी आल्या, कागद माझ्यापुढं धरला.

"बाबा, ही सही तुमची?"

शेपटी ओळखली मी. "माझीच."

"यात काय लिहिलंय माहितीये?"

मी खिशाकडं हात नेला. तिथंच थांबला तो हात.

त्या काय ते समजल्या आणि कागद माझ्या कानाशी वाचला. मी खाली सही करणार, माझ्या मुलीचा सांभाळ करण्यास स्वतः समर्थ असून, केंद्रातील प्रवेशाचा अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे. मजकूर वाचून सही केली आहे.

हजेरीची सही! दोन वर्षं मी सदतीस पायऱ्या चढत होतो आणि ते मला यादीत आहे म्हणत होते. यादीत नव्हतीच ती. माझ्याच हातानं काढली होती मी तिला. बनियनवर. चष्मा लावून.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "एकच रस्ता आहे. शपथपत्र करायचं. मला वाचता येत नाही, मजकूर मला कुणी वाचून दाखवला नाही, असं."

"मी नाय करणार."

"बाबा?"

"दुसरं कायपण लिहा. म्हातारा हाय लिहा. डोळं गेलं लिहा. चष्मा नव्हता लिहा."

"कोर्टात खोटं लिहू?"

गाडी नाशिकरोडला लागेपर्यंत माझ्या मनात एकच. आख्ख्या वस्तीत ते शपथपत्र फिरणार. समितीतला दादा अडाणी निघाला म्हणणार. सिंधूलासुद्धा मी कधी कबूल केलं नव्हतं. तिला माहीत होतं, पण ती बोलली नाही, आणि मी तिला बोलू दिलं नाही.

आठ दिवस मी ताईंचा फोन उचलला नाही. तुम्ही म्हणाल, पोरीपेक्षा तोरा मोठा? हो. त्या आठ दिवसांत होता. लपवत नाही.

नवव्या दिवशी सकाळी उजूला कॉटवरून उचलायला वाकलो आणि कमरेत कळ आली. दोघं खाली. ती माझ्या अंगावर पडली म्हणून तिला लागलं नाही. मला उठता येईना. हात हलेना, पाय हलेना. पहिल्यांदा मी तिच्यासारखा झालो. फरशी गार. वर पंखा. मी हाक मारीत होतो, आवाज दाराबाहेर जात नव्हता. आणि माझ्या कानाशी उजू मान मागं टाकून हसत होती. बाबा आपल्यासारखे लोळतायत, याचं हसू.

मला त्या हसण्याची भीती वाटली. मी इथंच मेलो तर ही अशीच माझ्याशेजारी पडून राहील. हसणं थांबेल. मग भूक लागेल. मग?

तासाभरानं शेवंताबाई दूध द्यायला आल्या. त्यांनी आधी उजूला उचललं, मग मला. मी म्हणालो, "बाई, आज विहारात मी वाचणार हाय."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "पट्टा बांधा कमरेला," एवढंच म्हणाल्या.

वर्षावास चालू होता. संध्याकाळी सातला विहार भरला. मी ग्रंथ हातात घेतला. चष्मा घातला. सगळे थांबले. मी पान उघडून पाच मिनिटं उभा. मग पुस्तक मिटलं.

"मला वाचता येत नाय," मी म्हणालो. "कधीच येत नव्हतं. चष्मा रोज खिशात असायचा."

मग मागून शेवंताबाई.

"वीस वर्षं चष्मा विसरणारा माणूस मी बघितला नाय, दादा. आम्हाला काय कळत नव्हतं व्हय?"

सगळा विहार हसला. मी घामानं भिजलो. सगळ्यांना माहीत होतं! वीस वर्षं ते मला सांभाळून घेत होते आणि मी समजत होतो की मी त्यांना फसवतोय. राग आला. आधी त्यांचा, मग माझा. आणि मग तिसराच. आमच्या लोकांनी माझी लाज वीस वर्षं झाकली. त्या ऑफिसातल्या कारकुनानं पाच मिनिटांत ओळखली आणि तिच्यावर माझी सही घेतली. "वाचून करा बरं का." त्याला माहीत होतं. डोळे कसे फिरतायत ते बघत होता तो. माझ्यासारखे त्याच्या खिडकीवर रोज येत असणार.

दुसऱ्या तारखेला शपथपत्र दाखल झालं. ऑफिसचे वकील म्हणाले, हा माणूस समितीच्या कागदांवर सह्या करतो, हा अडाणी कसा? न्यायाधीशबाईंनी मला उभं केलं. मराठीत विचारलं, "आजोबा, सही करताना चष्मा नव्हता का तुमच्याकडे?"

किती सोपं होतं! नव्हता म्हटलं असतं तर निम्मी इज्जत वाचली असती.

"आणला होता, साहेब," मी म्हणालो. बाईंना साहेबच म्हणालो, सुचलं नाही. "घातला पण होता. वाचता येत नव्हतं. लाज वाटली म्हणून वाचल्यासारखं केलं. लाज माझी हाय, ती मी घेतो. पण सही घेणाऱ्याला माहीत होतं. त्याची लाज कुणी घ्यायची?"

बाईंनी ऑफिसच्या वकिलांना एकच विचारलं. कागद यांना वाचून कुणी दाखवला? वकिलांनी फाईल चाळली. चाळतच राहिले.

तो कागद रद्द झाला. सहा आठवड्यांत पोरीची कायमची व्यवस्था करा, असा हुकूम झाला. ताईंनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला. मला आनंद झाला नव्हता. मी सहा आठवडे मोजत होतो.

ते सहा आठवडे मी शाळेत गेलो. शाळा म्हणजे शेवंताबाईंचा ओटा. बाई पन्नासाव्या वर्षी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या. छडी नव्हती, जीभ होती.

"क ला काना का. दादा, हा काना हाय, काठी नाय. टेकू नका त्याला."

"हळू की बाई."

"पेपर तर लय भरभर वाचायचे तुम्ही."

उजूला खुर्चीत बसवून मी तिच्याशेजारी मोठ्यानं वाचायचो. औषधाची बाटली, बिस्किटाचा पुडा, लाईटचं बिल. मी अडखळलो की ती हसायची. जोडाक्षर आलं की जास्तच. हे जे तुम्ही वाचताय ते मी लिहिलंय. चार ओळींना एक दिवस लागतो. जोडाक्षरं बाईंनी दुरुस्त केलीत, बाकी माझं.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी ऑफिसचा माणूस दारात आला. तोच कारकून. चप्पल काढली नाही, आत आला नाही. कागद पुढं केला.

"अभिनंदन, आजोबा. जागा मिळाली. इथं सही करा, उद्या गाडी येईल."

"ठेवून जा. वाचून करतो."

तो हसला. "उद्या मुदत संपते. सही नाही केली तर आम्ही कोर्टाला लिहू, पालकानं नकार दिला."

"उद्या मी येतो ऑफिसात. ठेवून जा."

त्यानं कागद उंबऱ्यावर ठेवला. मी दुपारी तीनला बसलो, दिवेलागणीला उठलो. एक पान. शेवंताबाई समोर बसल्या होत्या, पण मी सांगितलं होतं, मदत करायची नाही. बोट ठेवून, अक्षर अक्षर. दुसऱ्या परिच्छेदात ते सापडलं. त-आ-त-पु-र-ता. पुढं, तीन महिन्यांकरिता. पुढं, त्यानंतर पालक स्वखर्चाने परत घेऊन जाण्याची हमी देत आहेत.

स्वखर्चाने. हा शब्द मी चार वेळा वाचला. तीन महिन्यांनी मी एकाहत्तर वर्षं आणि तीन महिन्यांचा असणार. कंबर तीच.

ताईंना फोन केला. वाचून दाखवला, पहिल्यांदा आयुष्यात कुणाला काही वाचून दाखवलं. त्यांनी तो लिहून घेतला. मग म्हणाल्या, "सही नको. पण तोंडी नकार पण नको, बाबा. जे असेल ते लेखी द्या आणि शिक्का घ्या. पुढचं मी कोर्टात बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी त्या ऑफिसच्या दारात होतो. रफिकच्या रिक्षातून उजू आणि ताईंनी मिळवून दिलेली तिची चाकाची खुर्ची. लिफ्ट बंद. कागद नवा चिकटवलेला. मी तो वाचला. दुरुस्तीचे काम सुरू आहे. बरं.

मी वर चढलो नाही. जिन्याच्या तोंडाशी, जाण्यायेण्याच्या वाटेवर, उजूची खुर्ची लावली. चाकांना ब्रेक मारला. अंगात तोच पांढरा शर्ट, धुतलेला. शिपायाला सांगितलं, "साहेबांना खाली बोलवा. लाभार्थी समक्ष आलाय."

"साहेब खाली येत नसतात, आजोबा."

"मग बाकीचे वर कसे जातील ते बघा."

माणसं साठत गेली. काठीवाले, कुबडीवाले, एक आंधळी बाई तिच्या सुनेबरोबर. कुणी मला बाजूला हो म्हणालं नाही. पावणेअकराला साहेब खाली आले. सदतीस पायऱ्या. मागं कारकून.

मी चष्मा घातला. कागद उघडला. बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो. हळू. एकेक अक्षर. आंधळी बाई जवळ सरकली. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी तातपुरता म्हणालो, उजू हसली, मी पुन्हा म्हणालो, तात्पुरता.

"अहो, ते नेहमीचं असतं. फॉर्मॅट आहे," साहेब म्हणाले. "सही करा आणि मोकळे व्हा."

मी पेन काढलं. कारकून जरा सैल झाला. मी तीन महिन्यांवर आडवी रेघ मारली. स्वखर्चावर दुसरी. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, कायम पाहिजे, कोर्टाने सांगितले तसे, मी स्वतः वाचले. मग सही. शेपटी काढली नाही.

"यावर शिक्का द्या."

"सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही," साहेब म्हणाले.

"मग नवा आणा. वाचायला मी हाय इथं."

साहेब वर गेले. कारकून गेला. मी उजूच्या खुर्चीशेजारी खालच्या पायरीवर बसलो. चपला काढल्या, डबा उघडला. एक घास तिला, एक मला. पट्ट्यावर बसायचो तसाच बसलो. पाळी संपलेली, रिलीव्हर आलेला नाही, आणि पट्टा सोडायचा नाही.